समोरच्या काचेला तडा गेला? निदान या चुका तरी करू नका

पुढे खडीचा डंपर, टक्कन आवाज आणि काचेचा टवका उडालेला. इथपर्यंत तुमचा दोष नाही. (डंपरला इतकं चिकटून का चालला होतात, हे विचारायचं मी टाळतो.) खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. विम्याच्या क्लेमची कामं करताना तेच ते घोळ निस्तरून मला आता कंटाळा आलाय.

सगळ्यांत वाईट चूक म्हणजे आधी काच बदलायची आणि मग विमा आठवायचा. साताऱ्याच्या एका गृहस्थांची काच खंबाटकीच्या अलीकडे तडकली. घरात लग्नाची गडबड, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्यांनी हायवेवरच्या दुकानात नवी काच बसवून घेतली. जुनी भंगारात गेली. नंतर बिल घेऊन माझ्याकडे हजर. "पैसे कधी येतील?"

"फोटो काढलेत?"

"नाही."

"कंपनीला कळवलंत?"

"अहो, बिल आहे की!"

त्या बिलावर गाडीचा नंबरसुद्धा नव्हता. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरनं बघायचं तरी काय? क्लेम नामंजूर झाला आणि ते अजून माझ्यावरच रुसून आहेत. माझी पद्धत साधी आहे. तडा आणि नंबरप्लेट एकाच फोटोत येईल असा एक फोटो, मग जवळून दोन. लगेच कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्यायचा. सर्व्हे होऊन होकार येईपर्यंत काचेला हात लावू द्यायचा नाही, गॅरेजवाला कितीही "मी बघतो" म्हणाला तरी.

दुसरी चूक याच्या उलट: विमा आहे म्हणून डोळे झाकून क्लेम करणं. समजा, तुमचा ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता) सवलतीआधी ९,००० रुपये आहे आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, ५० टक्के, म्हणजे तुम्ही भरता ४,५००. काचेचं बिल झालं ८,०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये खिशातून जातातच (त्यावरच्या गाडीला २,०००). म्हणजे मिळाले ७,०००. पण पुढच्या वर्षी एनसीबी शून्य. मग दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असं करत परत ५० वर यायचं. प्रीमियम तेवढाच धरला तरी या चढणीत ११,२५० रुपये जास्त जातात, वर जीएसटी. सात हजारांसाठी! एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही ही सवलत टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल किंवा सेन्सर-कॅमेऱ्याची महागडी काच असेल, तर गणित बदलतं. पण ते मांडायला पाच मिनिटं लागतात, आणि तेवढा धीर कुणाला नसतो.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. वाद घालू नका.

"झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही, मग काचेचे अर्धेच मिळणार" हेही चूक. काचेवर घसारा धरतच नाहीत. कापले जातात ते बहुधा पेस्टिंगच्या, म्हणजे काच चिकटवायच्या, साहित्याचे पैसे, अशा किरकोळ साहित्यासाठीचं कन्झ्युमेबल्स कव्हर नसेल तर.

टवका छोटा असेल आणि कडेपासून, तसंच ड्रायव्हरच्या नजरेसमोरून लांब असेल, तर रेझिन (काचेच्या दुरुस्तीचं चिकट द्रव्य) भरून काम भागतं. समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा; टवका सहसा बाहेरच्या थरालाच गेलेला असतो. मात्र रेझिन भरेपर्यंत त्यावर सेलोटेप लावा. धूळ-पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. व्हिडिओ बघून झटपट चिकटणारा गोंद ओतणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. आणि उन्हात तापलेल्या काचेवर एकदम फुल एसी सोडलात, तर चीर डोळ्यांदेखत पळते.

नवी काच बसल्यावर पेस्टिंग वाळेपर्यंत दार धाडकन आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. प्रेशरचं वॉशिंग दोन दिवस नको.

जुन्या काचेवरचा फास्टॅग खरवडून नव्या काचेवर लावायचा उद्योगही नको. काढताना तो निकामी होतो. क्लेम नंबर मिळाला त्याच दिवशी बँकेकडे बदली टॅग मागवा, नाहीतर टोलनाक्यावर जास्तीचे पैसे भरावे लागतील.