औषधरोधावर प्रोजेक्ट घेताय? आधी औषध पेशीत राहतंय का ते बघा

ठाणे-पनवेल लोकलने खारघरला उतरून अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) किंवा आसपासच्या एखाद्या प्रयोगशाळेत कर्करोगावर काम करायचं, असं ठरवणारे एमएस्सीचे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. औषधरोध, म्हणजे कर्करोगाच्या पेशी औषधाला दाद का देत नाहीत, हा विषय मिळाला की बहुतेकांचा ओढा वेस्टर्न ब्लॉटकडे असतो; या चाचणीत पेशीतलं एखादं प्रथिन पट्टीच्या रूपात दिसतं. पी-ग्लायकोप्रोटीन या औषध बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाची पट्टी जाड आली, म्हणजे पेशी रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारी) का ते कळलं! मला हे पुरेसं वाटत नाही. प्रथिन पेशीत आहे एवढंच पट्टी सांगते, ते औषध बाहेर फेकतंय की नाही हे सांगत नाही.

हे प्रथिन 1976 मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना कोल्चिसिन या औषधाला न जुमानणाऱ्या चिनी हॅमस्टरच्या पेशींत सापडलं. वजन सुमारे 170 किलोडाल्टन. पेशीच्या पटलातून ते 12 वेळा आरपार जातं आणि एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून औषध बाहेर टाकतं. डॉक्सोरुबिसिन, विनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांच्या रचनेत काही साम्य नाही, तरी तिन्ही त्याला चालतात. म्हणून एका औषधाला सरावलेली पेशी कधीच न पाहिलेल्या औषधालाही दाद देत नाही. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध मात्र त्याच्या यादीत नाही. तुमच्या पेशी सिसप्लॅटिनला रेझिस्टंट असतील, तर कारण दुसरीकडे शोधा.

खरी परीक्षा ऱ्होडामिन 123 ची. पेशींत हा चमकणारा रंग भरा, धुवा, 37 अंशांच्या ताज्या माध्यमात ठेवा आणि किती उरला ते फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) मोजा. सोबत एक नळी बर्फावर आणि एक वेरापामिल हे औषध घातलेली हवीच. बर्फावर पंप, म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन, थंडावतो; वेरापामिल तो अडवतं. या दोन नळ्यांत रंग टिकला आणि तिसरीत उतरला, तरच तुमच्याकडे पुरावा आहे. वेरापामिलचा डोस एकट्याने पेशी मारत नाही ना, हे आधी तपासा. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकतं म्हणून तेच वापरावंसं वाटेल, पण डीएनएला चिकटल्यावर त्याची चमक मंदावते, त्यामुळे आकडे जपून वाचा. रेझिस्टंट पेशी औषधातच वाढवत असाल तर प्रयोगाआधी काही दिवस औषध काढा. मायकोप्लाझ्माची (वाढवलेल्या पेशींना नकळत लागणारे जीवाणू) तपासणी नेमाने करा.

पी-ग्लायकोप्रोटीन एकटं नाही. औषध बाहेर फेकणारी आणखी दोन प्रथिनं आहेत: एमआरपी1 चं जनुक 1992 मध्ये, बीसीआरपीचं 1998 मध्ये हाती आलं. शिवाय सगळा दोष बाहेर फेकणाऱ्यांचाच नसतो: मेथोट्रेक्सेट हे औषध आत नेणारा फोलेट वाहक घटला, तर औषध आत शिरतच नाही.

मुलाखतीत हमखास विचारतात: पंप अडवणारं औषध रुग्णाला का देत नाहीत? वेरापामिलने प्रयोगशाळेत रोध मोडतो हे 1981 मध्येच दिसलं होतं. पुढे पंप अडवणारी वाल्स्पोडार, टारिक्विडार ही औषधं आली, पण रुग्णांवरच्या चाचण्यांनी निराशा केली. हेच प्रथिन आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही राखणदारी करतं. वाल्स्पोडार दिल्यावर केमोचं औषध शरीरातून लवकर निघेना, मग केमोचाच डोस कमी करावा लागला. रुग्णाच्या बाजूने हा प्रश्न समजून घेतलेला विद्यार्थी मला जास्त भरवशाचा वाटतो.

प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकांना सरळ विचारा: रेझिस्टंट लाइनसोबत तिची पॅरेंटल लाइन (ज्या मूळ पेशींपासून ती बनवली त्या) आहे का, आणि फ्लो सायटोमीटरवर वेळ मिळेल का? दोन्हींपैकी एकही नसेल, तर विषय घेण्याआधी दुसरीकडेही विचारून पाहा.