घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर कुणी टाकायचं? आधी वाट करा, मग कुलूप लावा

ऑफिस कॉलेज रोडला आणि माणसं निफाड, सिन्नर, ओझरला घरी बसून कामाला, हे नाशकात आता नवं राहिलेलं नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मोठी स्नानं आहेत. त्या गर्दीच्या दिवसांत आणखी बरेच जण घरूनच काम करतील. तेव्हा कंपनीच्या लॅपटॉपवर कुणी काय टाकायचं, हे आत्ताच ठरवलेलं बरं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात उलटी होते. आधी सगळ्यांचे ॲडमिन हक्क (लॅपटॉपवर काहीही टाकायचे, बदलायचे हक्क) काढतात, मग फोन यायला लागले की ॲडमिनचा पासवर्डच व्हॉट्सॲपवर वाटतात. हक्क काढणं हे काही मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत लागते ती "मला हे सॉफ्टवेअर हवंय" म्हणणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर मिळेल अशी सोय करण्यात. ती नसेल तर माणूस गुपचूप स्वतःच्या लॅपटॉपवर काम हलवतो आणि कंपनीचा डेटाही त्याच्याबरोबर जातो.

पायरी १: यादी करा

प्रत्येकाला सेटिंग्जमधलं 'इन्स्टॉल्ड ॲप्स' उघडायला सांगा आणि फोटो मागवा. टॅली, एक्सेल, ऑटोकॅड असणारच. लक्ष द्या ते किरकोळ गोष्टींकडे: जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणारा ईएमसाइनर, डीएससी टोकनचा (डिजिटल सही साठवलेल्या पेन ड्राइव्हसारख्या यूएसबीचा) ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला नेमकं यातलंच काहीतरी अडतं, म्हणून ते आधीच बसवून, चालवून बघा. क्रॅक केलेलं काही सापडलं तर काढा. कीजेनसोबत (परवान्याची नकली की बनवणाऱ्या प्रोग्रामसोबत) पासवर्ड चोरणारा प्रोग्राम येणं नेहमीचं आहे. मराठी टायपिंगसाठी कुठून तरी उतरवलेलं टूल असेल तर तेही जाऊ द्या. मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो.

पायरी २: खाती बदला, पण क्रमाने

लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कर्मचाऱ्याने स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं असेल, तर ॲडमिन तोच असतो. शिवाय डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की (कुलूपबंद डिस्क अडल्यास उघडणारा लांबलचक आकडा) त्याच्या खासगी खात्यात जमा झालेली असू शकते. ती मागून ऑफिसच्या नोंदीत ठेवा.

मग सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे जाऊन नवं लोकल खातं (फक्त त्या लॅपटॉपपुरतं) बनवा आणि त्याचा प्रकार 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा. साइन आउट करून त्या खात्याने एकदा आत शिरून बघा. ते चाललं आणि पायरी ३ मधली मागणीची वाट तयार असली, तरच रोजच्या खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड यूजर' (ॲडमिन हक्क नसलेला) करा. नव्या खात्याचा पासवर्ड टाकताना एखादं अक्षर चुकलेलं असेल आणि जुन्याचे हक्क गेलेले असतील, तर तो लॅपटॉप निफाडहून बसने नाशकात आणावा लागतो.

प्रत्येक लॅपटॉपचा ॲडमिन पासवर्ड वेगळा हवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्रीमियम प्लॅन असेल तर एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्ये आलेलं 'लॅप्स' वापरा. ते पासवर्ड ठरावीक दिवसांनी आपोआप बदलतं आणि एन्ट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टच्या, कंपनीची खाती सांभाळणाऱ्या ऑनलाइन सेवेत) जपून ठेवतं. त्याच प्लॅनमधल्या इंट्यूनमधून (लॅपटॉप दुरून सांभाळणाऱ्या सेवेतून) 'कंपनी पोर्टल' देता येतं. तिथली मंजूर सॉफ्टवेअर माणूस ॲडमिन पासवर्डशिवाय स्वतः टाकून घेतो. पाच-सात जणांच्या ऑफिसला एवढा खर्च परवडेलच असं नाही. मग एखादा पासवर्ड मॅनेजर घ्या, आणि फोनवर पासवर्ड सांगावा लागला तर काम झाल्यावर तो बदला.

एखादं जुनं सॉफ्टवेअर "ॲडमिनशिवाय चालतच नाही" म्हणतं. बऱ्याचदा ते फक्त 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायला बघत असतं. त्या एका फोल्डरवर यूजरला 'मॉडिफाय' (बदल करायची) परवानगी दिली की भागतं; त्यासाठी माणसाला ॲडमिन करायची गरज नाही.

पायरी ३: मागणीची वाट

सॉफ्टवेअरचं नाव, कशासाठी हवं, बनवणाऱ्याच्या अधिकृत साइटची लिंक: एवढंच मागा. मंजूर करणारा एक आणि तो रजेवर असताना दुसरा, अशी दोन माणसं ठरवा. परवाना वाचणं हे मंजूर करणाऱ्याचं काम. 'फ्री' लिहिलेलं पुष्कळदा फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतं. एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर ही दूरचा लॅपटॉप आपल्या स्क्रीनवरून चालवणारी रिमोट टूल्स हीच त्याची उदाहरणं, आणि गंमत म्हणजे ऑफिसं दुसऱ्याचे लॅपटॉप दुरुस्त करायला नेमकी हीच फुकटात वापरतात.

रिमोट टूल सर्व्हिस म्हणून (लॅपटॉप सुरू होताच आपोआप मागे चालू राहील असं) आधीच बसवून ठेवा. नुसतं तात्पुरतं चालवलं, तर ॲडमिन पासवर्ड मागणारी खिडकी आली की तुमच्या बाजूचा स्क्रीन अडकतो किंवा काळा पडतो, आणि पासवर्ड समोरच्यालाच सांगायची वेळ येते.

पायरी ४: उरलेली फट

स्टँडर्ड खातं केलं म्हणजे सगळं थांबलं, असं नाही. क्रोम, झूम यांसारखे प्रोग्राम यूजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसू शकतात, तिथे ॲडमिन लागतच नाही. यावर उपाय ॲपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजमधलीच सोय: 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरांबाहेरचं काही चालू द्यायचं नाही. मात्र पहिले काही आठवडे तो 'ऑडिट' मोडवरच (न अडवता नुसती नोंद करणारा) ठेवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) काय काय अडलं असतं ते बघा. थेट चालू केलात तर पहिल्याच सोमवारी सगळ्यांचे फोन येतील. ॲपलॉकरचे नियम जिथून लावायचे तो ग्रुप पॉलिसी एडिटर विंडोज होममध्ये नाही, त्यामुळे नवे लॅपटॉप घेताना प्रो घ्या. दुकानदार बिलावर थोडे पैसे वाचवायला होम सुचवतो, तिथे ऐकू नका.

डेव्हलपरला रोज काहीतरी टाकावं लागतं. त्याला त्याच्या नावाचं वेगळं ॲडमिन खातं द्या; मेल आणि ब्राउझिंग मात्र स्टँडर्ड खात्यातूनच.

हक्क काढले की अपडेटची जबाबदारी तुमच्यावर येते. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि रिमोटने विनगेट (विंडोजमधलं, कमांडने सॉफ्टवेअर टाकणारं आणि अपडेट करणारं टूल) चालवून अपडेट करा; ज्या घरात त्या वेळी वीज नसते, त्यांच्यासाठी दुसरा दिवस. आणि कुणी नोकरी सोडली की लॅपटॉप हातात येण्याची वाट न बघता त्याची खाती, रिमोट टूलचा प्रवेश आणि त्याला माहीत असलेले पासवर्ड त्याच संध्याकाळी बंद करा. डीएससी टोकन त्याच्याकडे असेल तर तेही मागून घ्या.