ग्रामपंचायतीची नवी इमारत: ग्रामसभेकडे पैसे मागण्याआधी आणि मागताना

देवळाच्या जीर्णोद्धाराला कोकणातला माणूस न विचारता खिशात हात घालतो. ग्रामपंचायतीच्या इमारतीचं नाव काढलं की मात्र सभेत मागून आवाज येतो, ‘नळाक पाणी नाय, आणि हेंका हापिस व्हया!’ प्रश्न रास्त आहे. त्यावर भाषण करू नका, हिशेब दाखवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. इमारतीसाठी मागताय तो पैसा नळाचा नाही, हे ताळेबंदावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

तयारी जुलैत सुरू करा, कारण इमारत किती मोडकळीला आलीय ते पावसातच दिसतं. गळती, भिंतीची ओल, स्लॅबखालची उघडी पडलेली सळई यांचे तारखेसह फोटो काढा. भिजून फुगलेलं नमुना ८ चं, म्हणजे घरांच्या कर आकारणीचं, रजिस्टर जपून ठेवा आणि सभेत हातोहात फिरवा. आपल्याच घराच्या नोंदीची शाई पसरलेली दिसली की माणूस वेगळ्या सुरात बोलतो. सोबत जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून इमारत धोकादायक असल्याचा लेखी अहवाल घ्या. पुढे जुन्या इमारतीच्या निर्लेखनाला, म्हणजे ती नोंदीतून कमी करून पाडायलाही, तो लागतो, आणि निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय एक कौलही उतरवू नका.

जागेवर सगळ्यात जास्त प्रस्ताव अडकतात. इमारत या वाडीतून त्या वाडीत हलवायची म्हटलं की अर्धा गाव विरोधात जातो, म्हणून शक्यतो जुन्याच जागेवर बांधा. नवी जागा घ्यावीच लागली तर आधी सातबारा बघा. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस न लागलेली. एका भावाने तोंडी ‘घ्या’ म्हटलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि त्यानंतरचा फेरफार हातात आल्यावरच ती सभेपुढे ठेवा. गाव किनाऱ्यावर असेल तर सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशावर जागा कुठे पडते तेही तपासा. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात हा नियम लागतो.

अंदाजपत्रक शाखा अभियंता करतील, पण ते वाचल्याशिवाय सही करू नका. घाटावरच्या इमारतीचा नमुना तसाच उतरवलेला असण्याची शक्यता बरीच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीला किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. तिथे एम २० आणि २५ मिलिमीटर दिसलं तर बदलून घ्या. खारी हवा आत शिरते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. जुन्या इमारतीचं बहुधा हेच झालेलं असतं. नुसत्या सपाट स्लॅबवरही विसंबू नका. वर उतरतं छप्पर आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढा पाखा हवा, नाहीतर झडीचा पाऊस खिडकीतून दप्तरापर्यंत येतो. अंदाजपत्रकात जीएसटी, एक टक्का कामगार उपकर आणि वीजजोडणी धरलीय ना, हेही बघा. या रकमा मागाहून निघाल्या की ‘परत पैसे?’ असं विचारलं जातं, आणि दुसऱ्यांदा मागितलेले पैसे कोणी देत नाही.

आता रक्कम. सभेत ‘३० लाख’ हा आकडा एकटा सोडू नका. लोकांना ‘माझ्या घराला किती?’ एवढंच हवं असतं. समजा अंदाजपत्रक ३० लाखांचं आहे आणि शासकीय योजना व स्वनिधी मिळून २४ लाख उभे राहतात. उरले ६ लाख. नमुना ८ वर ४०० घरं, म्हणजे घरामागे १,५०० रुपये. इथेच फसगत होते. त्यातली १४० घरं बंद असतील आणि त्यांनी दिले नाहीत, तर २ लाख १० हजारांचा खड्डा पडतो, आणि तो उघड्या २६० घरांवर टाकला तर दर २,३०० च्या वर जातो. म्हणून आधी बंद घरांची यादी करा, गावच्या चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळाशी बोला आणि त्यांचा आकडा लेखी घ्या. चाकरमान्याचं नाव मुंबईच्या मतदारयादीत असेल तर त्याला ग्रामसभेत मत नाही. पैसा त्याच्याकडे, मत गावाकडे. दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं.

सभेआधी वाडीवार बैठका घ्या, रात्री जेवणं झाल्यावर. मच्छीमार वाडीत १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात पैशाची गोष्ट काढू नका, तेव्हा हात रिकामे असतात. बैठकीत खर्चाचा एक कागद वाटा: किती येणार, कुठून येणार, किती कमी पडतात. ग्रामपंचायतीच्या पैशाने ‘होय म्हणा’ असे बॅनर लावू नका, संशय वाढतो. बचत गटातल्या महिलांना नकाशा दाखवून बसायची खोली आणि शौचालय कुठे हवं ते विचारा, आणि ग्रामसभेआधीच्या महिला सभेत तसा ठराव घ्या.

ग्रामसभेची नोटीस निदान सात दिवस आधी, प्रत्येक वाडीत, विषयपत्रिकेसह लावा. ‘ऐनवेळचे विषय’ या नावाखाली हा विषय कधीच घेऊ नका, पहिल्याच तक्रारीत ठराव लटकतो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ६४० मतदार असतील तर ९६. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे ‘होऊ दे तहकूब’ असं काही जण सुचवतील. कायद्यात बसतं, पण पंचवीस जणांनी लावलेली वर्गणी चारशे घरं देत नाहीत.

निर्लेखन, जागा, अंदाजपत्रक आणि लोकवर्गणी असे चार वेगळे ठराव घ्या. एकाच ठरावात सगळं कोंबलं तर वर्गणीवरची हरकत निर्लेखनालाही अडवते. वर्गणीच्या ठरावात घरामागची रक्कम, हप्ते, शेवटची तारीख आणि काम ठरल्या मुदतीत सुरू न झाल्यास पैसे परत करण्याचं कलम लिहा. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या वाड्यांतले असले तर उत्तम. विरोध झाला तर तोही इतिवृत्तात शब्दशः येऊ द्या. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवांना, सभेतच ठराव वाचून दाखवायला सांगा. ‘मागाहून लिहितो’ म्हटलं की मजकूर बदलतो.

वसुली ५०० च्या तीन हप्त्यांत ठेवा: गणपती, शिमगा आणि मे महिना, म्हणजे गाव भरलेलं असताना. वर्गणी ऐच्छिक आहे, घरपट्टी नव्हे. ती दिली नाही म्हणून कोणाचा दाखला अडवू नका. पावती ग्रामपंचायतीचीच, नमुना ७ ची. मंडळाच्या पुस्तकावर एक रुपयाही घेऊ नका. कार्यारंभ आदेश ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मिळेल असं बघा. एप्रिलमध्ये मिळाला तर पाया खणून होतो तोवर पाऊस येतो, आणि गावाच्या पैशाचा खड्डा चार महिने पाण्याने भरलेला सगळे येता-जाता बघतात.