समावेशक वर्गात मदत करताय? या चुका टाळा

समावेशक वर्गात, म्हणजे दिव्यांग मुलं बाकीच्या मुलांसोबतच शिकतात अशा वर्गात, त्यांच्या मदतीला नवीन मदतनीस आली की ती खुर्ची कुठे ठेवते ते मी आधी बघते. बहुतेक वेळा मुलाच्या बाकाला चिकटून. बिघडायला सुरुवात तिथूनच होते.

हे छातीठोकपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे. तिसरीतला मुलगा होता, बौद्धिक अक्षमता असलेला. मी रोज शेजारी. 'चल, दप्तर उघड.' 'गणिताची वही काढ.' 'तारीख लिही.' तो सगळं करायचा. वह्या पूर्ण, आईवडील खूश, मी त्यांच्याहून खूश. मग मी दोन दिवस आजारी पडले. परत आले तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "अहो बाई, दोन्ही दिवस दप्तर मांडीवर घेऊन बसून होता. उघडलंच नाही त्याने." चेन त्याला उघडता येत होती. वह्या रंगावरून ओळखता येत होत्या. फक्त माझा आवाज आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आणि ते मीच पाडलं होतं, रोज, न चुकता.

अमेरिकन शिक्षण-संशोधक मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये नेमकं हेच मांडलं. मदतनीस सतत चिकटून राहिली की वर्गशिक्षक ते मूल तिच्यावर सोडून मोकळे होतात, बाकीची मुलं त्याच्याजवळ फिरकत नाहीत, आणि मूल मोठ्यांच्या तोंडाकडे बघत बसतं. तिन्ही गोष्टी माझ्या वर्गात होत्या. मला मात्र भरलेल्या वह्याच दिसत होत्या.

मग मी तोंड बंद केलं. बाकावर चार चित्रांची पट्टी चिकटवली: दप्तर, वही, पेन्सिल, फळा. तो अडला की मी बोलायची नाही, चित्रावर बोट ठेवायची. काही दिवसांनी नुसतं पट्टीकडे बघायची. खुर्ची आधी एक बाक मागे, मग भिंतीपाशी. दप्तर आवरायला मात्र उलटीकडून शिकवलं: सगळं मी भरायचं, चेन तेवढी त्याने लावायची, मग शेवटची वही आणि चेन त्याची, असं मागे मागे सरकत. काम रोज त्याच्याच हातून पूर्ण व्हायचं. यात चार महिने गेले. आठवड्यात 'जमत नाही हो' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, सवय लावायला किती दिवस लागले होते? सोमवारी मांडीला मांडी लावून बसायचं आणि मंगळवारी 'स्वावलंबन' म्हणून एकदम उठून जायचं, हाही शुद्ध आळशीपणाच. आधी हात धरणं सुटतं, मग मनगटाला स्पर्श, मग खूण, मग नजर. एकेक पायरी.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे उत्तराची वाट न बघणं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि बरी येऊ लागली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणं) असलेल्या मुलाला शब्द जुळवून तोंडातून काढायला तीन सेकंदही कमी पडतात. मी मनात दहा मोजते. आणि कृपा करून मधेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू नका. बिचारं मूल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं.

बाकीच्या चुका भराभर सांगते. व्हीलचेअर न विचारता ढकलू नका. दृष्टिहीन मुलाला हाताला धरून ओढू नका. त्याला तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. बाकांची जागा बदलली तर त्याला आधी सांगा. ओठ वाचणारं मूल वर्गात असेल तर फळ्याकडे तोंड करून बोलू नका. 'त्याला काय हवंय?' हे मदतनिसाला नाही, त्यालाच विचारा. पेन्सिल उचलली म्हणून 'शाब्बास' नको, मुलांना ते खोटं लगेच कळतं.

अलीकडे एक नवीनच खूळ दिसतं: स्वावलंबी करायचं म्हणून साधनंच काढून घ्यायची. संवादाचा तक्ता (चित्रांवर बोट ठेवून म्हणणं सांगायचा) नको, गणकयंत्र नको, लेखनिक नको. मागे सरकायचंय ते माणसाने. माझ्या त्या मुलाची चित्रपट्टी पाचवीतही बाकावर होती, कडा फाटलेली, दोनदा चिकटटेप मारलेली. ती काढायची मला कधीच घाई नव्हती. दुसरी टेप त्यानेच मारली होती, जरा वाकडी.