ब्रिटिश जनगणनेत पूर्वज सापडत नाहीत? या चुका टाळा

नाव टाकले, आडनाव टाकले, जन्मसाल टाकले, बटण दाबले आणि उत्तर आले, एकही नोंद नाही. मग 'त्या वर्षी आमचे पणजोबा इंग्लंडात नसावेत' असे ठरवून माणूस वही मिटतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. माणूस पानावर असतो, पण सूचीत, म्हणजे संकेतस्थळाच्या टंकलेल्या नावांच्या यादीत, भलत्याच नावाखाली बसलेला असतो.

ब्रिटनमध्ये स्थिरावलेली मराठी आणि गोवेकर कुटुंबे, कोकणातून बोटीवर गेलेल्या खलाशांचे वंशज आणि पुणे, खडकी, अहमदनगरच्या छावण्यांचा इतिहास खणणारे अभ्यासक अशा सगळ्यांना या नोंदी कधी ना कधी चाळाव्या लागतात. सगळेच साधारण त्याच त्या ठिकाणी अडतात.

सूचीलाच मूळ कागद समजणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. इंग्लंड-वेल्समध्ये १८४१ ते १९०१ पर्यंतची जी पाने आपण बघतो, ती घरच्यांनी भरलेली नाहीत. घरोघरी फॉर्म वाटले जात. प्रगणक ते गोळा करी, ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा फॉर्म स्वतः भरी आणि मग सगळे एका वहीत उतरवून काढी. फॉर्म पुढे नष्ट झाले, वही राहिली. त्या वहीची मायक्रोफिल्म निघाली आणि फिल्मवरून अलीकडे कोणीतरी नावे टंकली. म्हणजे पणजोबांनी तोंडाने सांगितलेले आडनाव आपल्या पडद्यावर येईपर्यंत तीन-चार हातांतून गेलेले असते. १९११ पासून मात्र कुटुंबप्रमुखाच्या हस्ताक्षरातला फॉर्मच बघायला मिळतो.

म्हणून सूचीत काही सापडले तरी मूळ पानाची प्रतिमा उघडाच. १८८१ चे एखादे पान डोळ्यांसमोर आणा. डावीकडे फॉर्मचा क्रमांक आणि रस्ता, मग नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, लग्न झाले की नाही, वय, धंदा आणि शेवटाकडे जन्मगाव. वयाचे दोन रकाने असतात, एक पुरुषांचा, एक बायकांचा. नाव अनोळखी असले की टंकणाऱ्याने लिंग चुकवण्याची शक्यता असते. आकडा कोणत्या रकान्यात आहे ते पाहिले की उलगडा होतो. वयावरच जाड पेन्सिलीच्या रेघा दिसतील. त्या लंडनच्या कचेरीत बेरजा करणाऱ्या कारकुनांच्या खुणा आहेत. त्यांच्याखाली १ आणि ७ ओळखणे कठीण होते आणि सूचीतली कितीतरी चुकीची वये अशीच आलेली आहेत. नावांच्या डाव्या बाजूच्या तिरक्या रेघाही वाचायला शिका. साधारणपणे दोन रेघा म्हणजे घर संपले, एक रेघ म्हणजे त्याच घरात राहणारे दुसरे कुटुंब. ही एक रेघ नजरेतून सुटली की परका माणूस तुमच्या घराण्यात चिकटतो.

सगळे रकाने भरून शोधणे

जितकी जास्त माहिती भराल तितके नेमके उत्तर येईल, असे वाटते. इथे उलटे होते. एक रकाना जुळला नाही की नोंद गळते. आडनाव कोरे ठेवा. नुसते पहिले नाव, वयाचा अंदाज आणि जन्मगाव घालून बघा. घरात एखादे वेगळे नाव असलेले भावंड असेल तर आधी त्याला शोधा. जॉन आणि मेरी हजारोंनी असतात, त्यांच्या मागे लागून वेळ जातो. आडनावात शंका असलेल्या अक्षरांच्या जागी तारांकन (*) घाला, म्हणजे तिथे कोणतेही अक्षर चालते. पहिले अक्षरच चुकलेले असू शकते, हेही गृहीत धरा, कारण त्या वळणदार लेखणीत इंग्रजी एस आणि एल, टी आणि एफ सहज एकमेकांसारखे दिसतात.

एका संकेतस्थळावर नाही म्हणून कुठेच नाही, असेही नसते. अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांच्या बऱ्याच वर्षांच्या सूची वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या आहेत. एकाने चुकीचे वाचलेले नाव दुसऱ्याने बरोबर वाचलेले असते. १८८१ ची सूची फॅमिलीसर्चवर फुकट आहे, फ्रीसेनवर स्वयंसेवकांनी उतरवलेले बरेच भाग आहेत. स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल बघावे.

आपली गावे आपल्या स्पेलिंगने शोधणे

या बाबतीत मराठी वाचक इंग्रज संशोधकाच्या पुढे आहे, फक्त त्याने आपले कान वापरले पाहिजेत. ब्रिटिश सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची कितीतरी मुले आपल्याकडच्या छावण्यांत जन्मली आणि पुढे इंग्लंडच्या जनगणनेत आली. तिथे पुणे 'पूना' किंवा 'पूनाह' असते, खडकी 'किर्की', अहमदनगर 'अहमदनग्गर', कामठी 'कँप्टी'. प्रगणकाने ही नावे आयुष्यात कधी ऐकलेली नसत, त्यामुळे त्याने कानाला आले तसे लिहिले. टंकणाऱ्याला तर तीही वाचता आली नाहीत. म्हणून जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त 'इंडिया' किंवा 'ईस्ट इंडीज' घालून निकाल काढा आणि एकेक पान उघडून गावाचे नाव मोठ्याने वाचा. कागदावर निरर्थक वाटणारे नाव उच्चारले की ओळखीचे होते.

गाव हाती लागले की पुढचा दुवा ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्‌समध्ये आहे. तिथल्या एन/३ या मालिकेत मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी आहेत. बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२. १८४१ च्या पानावर मात्र असे गाव शोधू नका. त्या वर्षी 'याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म का' एवढेच मुख्यतः विचारले होते. आणि धंद्याच्या रकान्यात 'इंड' दिसले तर ते इंडिया नव्हे. स्वतंत्र उत्पन्नावर जगणाऱ्या माणसासाठी ते वापरत.

भारतीय माणसाला इंग्रजी पद्धतीने शोधणे

रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशाचे नाव समजा इब्राहिम दाऊद आहे. दाऊद हे वडिलांचे नाव, पण सूचीत ते आडनाव होणार, किंवा नावांची उलटापालट होऊन इब्राहिम आडनाव होणार. दोन्ही बाजूंनी शोधा. 'राव' लावणाऱ्या माणसाचे 'राव' हेच आडनाव झालेले असू शकते. डिसूझा हे नाव 'डी' खाली, 'एस' खाली, जोडून, तोडून, सगळ्या प्रकारांनी बघा. गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या पुढे पोर्तुगीज प्रजाजन अशी नोंद असू शकते, तेव्हा भारताची गाळणी लावली की तो निसटतो.

हे लोक राहत्या घरांच्या पानांवर असतीलच असे नाही. १८६१ पासून बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरच्या माणसांची वेगळी पत्रके आहेत. लंडनच्या लाइमहाउस भागात वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ मध्ये आशियाई खलाशांसाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडले होते. इंग्रज कुटुंबांबरोबर आलेल्या आणि परतीच्या बोटीची वाट बघणाऱ्या आयांसाठी 'आयाज होम' होते, आधी ऑल्डगेटला, १९०० पासून हॅकनीतील किंग एडवर्ड्‌स रोडवर. आयांना शोधणे फार जड जाते, आणि त्याचे वाईट वाटते. त्यांचे खरे नाव लिहिण्याची गरजच अनेकांना वाटली नाही. कुठे मालकिणीचे आडनाव लावलेले, कुठे नुसते 'आया'. अशा वेळी नाव सोडून द्या आणि धंदा व जन्मस्थळ यांवरून शोधा, नाहीतर ज्या कुटुंबाबरोबर ती आली ते कुटुंब शोधा.

रात्रीचा विचार न करणे

जनगणना एका रात्रीची असते. १८८१ ला ३ एप्रिल, १८९१ ला ५ एप्रिल, १९०१ ला ३१ मार्च, १९११ ला २ एप्रिल. त्या रात्री माणूस जिथे झोपला तिथे त्याची नोंद. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, चेल्टनहॅमला शिकवले आणि १८८६ मध्ये अमेरिकेला निघाल्या. तीन वर्षे तिथे काढूनही त्या १८८१ मध्ये सापडणार नाहीत आणि १८९१ मध्येही नाहीत, कारण त्यांचे वास्तव्य दोन जनगणनांच्या मधेच संपले. याउलट नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेल्या. १८९१ ची रात्र त्यांच्या तिथल्या काळात पडते. पण एप्रिलच्या सुरुवातीला विद्यापीठांना बहुधा सुट्टी असते. म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला कॉलेजच्या पत्त्यावर शोधून थांबू नका, स्नेह्यांच्या घरी 'पाहुणा' म्हणूनही बघा. १९२१ ची जनगणना संपांच्या धामधुमीमुळे एप्रिलमधून १९ जूनवर गेली, त्यामुळे समुद्रकाठच्या गावांत सुट्टीवर आलेली कुटुंबे भेटतात.

काही जणी मुद्दामच सापडत नाहीत. १९११ मध्ये मताधिकार मागणाऱ्या अनेक स्त्रियांनी जनगणनेवर बहिष्कार टाकला. कोणी रात्र घराबाहेर काढली, कोणी फॉर्मवर निषेध लिहिला. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन त्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीतल्या एका कपाटात लपल्या होत्या. त्यांची नोंद तिथेही झाली आणि राहत्या पत्त्यावरही. तेव्हा एकच माणूस दोनदा दिसला तर लगेच दोन माणसे समजू नका.

वय आणि नाते जसेच्या तसे धरणे

३ एप्रिल १८८१ ला ज्याचे वय ३० लिहिले आहे, तो ४ एप्रिल १८५० ते ३ एप्रिल १८५१ च्या दरम्यान जन्मला. म्हणजे १८५० ची शक्यता तिपटीने जास्त. संकेतस्थळ मात्र सरळ वजाबाकी करून १८५१ दाखवते आणि लोक जन्मनोंदीत तेच वर्ष धरून बसतात. १८४१ मध्ये तर पंधराच्या वरची वये पाचाच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती, त्यामुळे ३० म्हणजे ३० ते ३४ काहीही. सगळ्या प्रगणकांनी ती पाळली नाही, हे वेगळेच. त्याच वर्षी नात्याचा रकानाही नव्हता. एका घरात एक पुरुष, एक बाई आणि चार मुले दिसली म्हणून ते नवरा-बायको ठरत नाहीत, बहीण-भाऊ किंवा दीर-भावजयही असू शकतात.

पुढच्या वर्षांत नाते लिहिलेले असते, पण जुन्या वापरात जावई किंवा सून यांच्यासाठी असलेला इंग्रजी शब्द सावत्र मुलांसाठीही येतो. आठ वर्षांचा 'जावई' दिसला तर प्रगणक चुकला नाही, त्याच्या आईचा दुसरा विवाह झाला आहे. पहिल्या नवऱ्याचे आडनाव लावून शोधा.

गेलेल्या कागदांमागे वर्ष घालवणे

इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये हेझ येथे आगीत जळाली. १९४१ ची झालीच नाही. १८५१ च्या मँचेस्टर भागातल्या बऱ्याच वह्या पाण्याने खराब झाल्या. आयर्लंडच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी जवळपास संपल्या आहेत, १९०१ आणि १९११ च्या मात्र पूर्ण आणि फुकट उपलब्ध आहेत. १९३१ ची पोकळी भरायला युद्ध सुरू झाल्यावर सरकारने केलेली २९ सप्टेंबर १९३९ ची लोकांची नोंदवही वापरावी. तिच्यात वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख आहे आणि पुढे लग्न झालेल्या बायकांचे नवे आडनाव अनेकदा शेजारीच लिहिलेले आहे.

नाव सापडले की आरजी ११ (१८८१ ची जनगणना) सारखा मालिका क्रमांक, त्यापुढचा पीस क्रमांक (मालिकेतल्या गठ्ठ्याचा), फोलिओ (गठ्ठ्यातल्या कागदाचा क्रमांक) आणि पान, सगळे उतरवून ठेवा. फोलिओचा शिक्का पानाआड असतो, म्हणजे समोरच्या पानावर नसेल तर आधीच्या पानाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दिसेल. आणि तिथवर गेलाच आहात तर मागची-पुढची दोन-चार पानेही वाचा. आजी, मेहुणा, पुढे सून होणारी मुलगी अनेकदा त्याच गल्लीत राहत असते.