सोलापुरात बसून अंटार्क्टिकाच्या माशांचं मॉडेल करायचं असेल तर

नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बसून मी अंटार्क्टिकाच्या खोल समुद्रातले मासे कुठे राहत असतील याचं मॉडेल करतो. पाहुण्यांना हे सांगितलं की आधी हसू येतं, मग ‘पगार किती?’ असा प्रश्न. बोट लागत नाही; लॅपटॉप, ‘आर’ ही संगणकभाषा आणि बरं नेट पुरतं.

सुरुवात मात्र माशापासून करू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचं काळवीट घ्या. ते कुठे दिसलं त्याच्या नोंदी नकाशावर टाका, पाऊस, उतार, गवत यांच्या नकाशांचे थर जोडा आणि मॅक्सेंट चालवा, म्हणजे नोंदींवरून प्राण्याला मानवणारी जागा शोधणारं सॉफ्टवेअर (२००६पासून चलनात आहे, फुकट आहे). काळविटाला रस्त्याची कड फार आवडते असं उत्तर येण्याची शक्यता दाट, कारण नोंदी करणारे आपण रस्त्यानेच जातो. नान्नजला गाडी काढून हे पडताळता येतं. समुद्रतळाशी ती सोय नाही.

अंटार्क्टिक टूथफिशचंच बघा. रक्तातल्या गोठणरोधक प्रथिनांमुळे तो शून्याखालच्या पाण्यातही तगतो. त्याच्या बहुतेक नोंदी लाँगलाइन (लांब दोरीला अनेक गळ लावून मासे धरणाऱ्या) बोटींच्या. आणि अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या जीवांचं संवर्धन बघणाऱ्या कॅमलार या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या (भारतही सदस्य आहे) नियमाप्रमाणे शोधात्मक मासेमारीत ५५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात त्याच्यासाठी गळ टाकता येत नाहीत. मॉडेलला हा नियम कुठून ठाऊक असणार? ते बेधडक सांगतं की उथळ पाणी या माशाला मानवत नाही. प्रत्यक्षात लहान मासे त्यामानाने उथळ भागात वाढतात आणि मोठे होत खोल उतरतात. म्हणून नोंदी कुणी, कधी, कोणत्या नियमाखाली घेतल्या हे आधी वाचा. माझ्या मते निम्मा वेळ इथेच जायला हवा. अल्गोरिदमची चर्चा करणारे पुष्कळ भेटतील.

तापमान घ्याल ते तळाचं. २०२१ साली वेडेल समुद्रात पोलारस्टर्न जहाजाच्या कॅमेऱ्याला आइसफिशची घरटी दिसली, अंदाजे ६ कोटी. तिथलं तळाचं पाणी आसपासच्या पाण्यापेक्षा २ अंशांपर्यंत उबदार होतं, वर बर्फ. उपग्रहावरून यातलं काय कळणार? समुद्राच्या खोलीसाठी जेब्को, तळाच्या तापमानासारख्या थरांसाठी बायो-ओरॅकल हे डेटासंच बघा.

नकाशा ध्रुवीय प्रक्षेपणात (ध्रुव मध्यभागी धरून सपाट केलेला) घ्या. सोलापुरात रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा, ७० अंश दक्षिणेला ३८चा; अंशांच्या चौकटी तशाच ठेवल्या तर हिशेब बिघडतो. चाचणीसाठी नोंदी सरमिसळ न करता प्रदेशवार वेगळ्या काढा, नाहीतर शेजारचेच ठिपके एकमेकांची परीक्षा घेतात आणि गुण छान येतात.

पुढे शिकायचं तर गोव्यात वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, कोचीचं सीएमएलआरई (समुद्री जीवांवरचं सरकारी केंद्र), हैदराबादचं इन्कॉइस (महासागराची माहिती देणारं सरकारी केंद्र). आपल्याला हैदराबाद जवळ. तिथले प्रशिक्षणवर्ग बघत राहा. शास्त्रज्ञांना ईमेल करताना नुसतं ‘इंटर्नशिप मिळेल का’ असं विचारू नका. कोणती प्रजाती, कुठला डेटा, कुठे अडलंय ते लिहा, सोबत एक नकाशा जोडा. उत्तरं उशिरा येतात. मार्चअखेरीस तर वाटच बघू नका.