मालवणच्या प्रवाळावर होडीने जायचं तर आधी तिथी बघा

मास्क लावून पाण्यात उतरून प्रवाळ बघायचं म्हणून होडी ठरवताना बहुतेक जण शनिवार-रविवार बघतात, मग भाव विचारतात. खरं तर आधी कालनिर्णय काढून तिथी बघायला हवी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं प्रवाळ किनाऱ्याला लागून आहे, त्यामुळे ओहोटी लागली की खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि खालचं काही दिसेनासं होतं. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. म्हणून पाण्यात उतरायचं ते पूर्ण भरतीच्या आधी पाऊण तास, आणि बाहेर यायचं ते पाणी उतरायला लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे धरा आणि आदल्या दिवशी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारून घ्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त आणि तळची वाळू ढवळलेली. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार सगळ्यांत कमी. ओढ फार वाढायच्या आत सकाळची भरती साधायची तर एकादशी किंवा द्वादशी उत्तम. थंडीत द्वादशी जास्त बरी, कारण नऊपर्यंत ऊन वर येतं आणि पाण्यात उजेड पोचतो.

सकाळच धरायची याला वाऱ्याचंही कारण आहे. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून वाहतो, समुद्र सपाट राहतो. अकरा-बाराच्या सुमाराला वारा फिरतो, पश्चिमेकडून लाटा उठतात आणि परतताना सगळे भिजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळ्यात हा विषयच नको.

होडीवर चढण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. किती माणसांचा परवाना आहे, ते विचारा आणि त्याहून एकही जास्त बसत असेल तर उतरा. जादा वल्हं, पाणी उपसायला डबा आणि मागे सोडायला दोर आहे का ते बघा. लाइफ जॅकेट घालून पट्टे आवळा, मग दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट देऊन भागवलं जातं, ते अजिबात चालवून घेऊ नका. पाण्यात मूल खाली राहतं आणि जॅकेट वर तरंगतं.

किनाऱ्यावरून होडी ढकलताना होडी आणि किनारा यांच्या मधे उभं राहू नका. लाट होडीला मागे फेकते आणि पाय खाली सापडतो. बसायची जागा मध्यभागी. पुढे दणके बसतात, मागे पेट्रोलचा धूर येतो आणि ज्याला होडी लागते त्याला तो पुरेसा असतो. उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

आता नांगर. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. नांगर फक्त पांढऱ्या वाळूच्या तुकड्यावर पडला पाहिजे, काळपट दिसतो तो खडक किंवा प्रवाळ. पाच मीटर पाण्यात निदान वीस मीटर दोर सोडावा लागतो. कमी सोडला तर नांगर उभा ओढला जातो, रुतत नाही, होडी सरकते. पण एवढा दोर सोडला की वारा फिरल्यावर होडीही फिरते आणि दोर तळावरून घासत जातो. म्हणून वाळूचा तुकडा मोठा हवा, प्रवाळाच्या कडेपासून लांब. तिथे आधीच बोया, म्हणजे होडी बांधायचा तरंगता गोळा, बांधलेला असेल तर नांगर टाकूच नये. हे तांडेलाला सांगायला संकोच करू नका, चांगला तांडेल स्वतःच तसं करतो.

मास्क आधी होडीतच तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. केस आत अडकले की पाणी शिरतं. मिशीवाल्यांनी ओठावर व्हॅसलीन लावावं. पाणी शिरतं म्हणून पट्टा आवळत बसू नका, त्याने रबर वाकडं होतं आणि गळती वाढते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळा. किळस वाटली तरी उपाय हाच.

उतरायच्या आधी इंजिन बंद, आणि मागे पंधरा-वीस मीटर दोर बोयासकट सोडलेला. पाण्यात गेल्यावर पहिल्यांदा ओढीच्या विरुद्ध पोहा, म्हणजे दमल्यावर ओढच होडीकडे आणते. इथलं पाणी चांगल्या दिवशीही अंदमानसारखं नितळ नसतं, तेव्हा वरून बघत संथ तरंगणंच योग्य. मेंदूसारख्या नागमोडी रेषांचे गोळे दिसतील, त्यांवर पाय ठेवायचा नाही. दगड वाटला तरी वरचा पातळ थर जिवंत असतो, तो एका पावलाने खरवडला जातो. सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला.

मासे जमवायला पाव टाकण्याची पद्धत बोकाळली आहे. नको म्हणून सांगा. पावावर ठरावीक धीट मासेच जमतात, बाकीचे दूर होतात आणि पाणीही गढुळतं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं आहे आणि खडक बनवणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही पिशवीत टाकायचा नाही.

वर चढताना एका वेळी एकच, आणि होडीतल्यांनी विरुद्ध बाजूला सरकायचं. उलंडी, म्हणजे तोल राखायला एका बाजूला दोन दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, असलेल्या होडीवर मात्र उलंडीच्याच बाजूने, दोन दांड्यांच्या मधून चढा. दुसऱ्या बाजूने लोंबकळलात तर उलंडी हवेत उचलली जाते आणि होडी तुमच्यावर येते.

प्रवाळाने खरचटलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा. जखम बारीक दिसते, पण आत कण राहिले की चिघळते आणि आठवडाभर भरत नाही. लाली पसरली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.